तिपाई कोणी जाळली

१९६७ साल. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि माझा धाकटा भाऊ चौदाचा. बाप वारला होता. घरात माय, मी आणि तो. धाड नावाच्या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव, गावाबाहेर विहिरीवरचा मळा, त्यात वांगी, मिरची, मेथी. बाजाराच्या दिवशी माल गाडीत घालून धाडला न्यायचा, बाकीचे दिवस मोट हाकायची. मी तिसरीतून शाळा सोडलेला. भाऊ मात्र सातवीत पोचला होता. त्या काळी सातवीची परीक्षा बाहेरची असायची, दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाऊन द्यावी लागायची. सातवी पास झालेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस, त्याला लोक अहो-जाहो करायचे. आमच्या अख्ख्या भावकीत सातवी कोणी पास नव्हतं. होळीनंतर महिन्याभरानं परीक्षा होती. तो त्या परीक्षेला बसला पाहिजे, एवढं एकच मला पाहिजे होतं.

हे आता या वयात लिहायला बसलो त्याचं कारण राग. परवा नातवानं मोबाईलवर एका डॉक्टरचं बोलणं लावून दिलं. डॉक्टर सांगत होता की माणसाच्या डोक्यातला पुढचा-मागचा विचार करणारा जो भाग असतो, तो विशी उलटली तरी पुरता पिकत नाही. आणि सोबतचे पाहत असले की पोरांच्या हातून भलतंच होतं, एकटं असताना ते होत नाही. नातू म्हणाला, "आबा, नवीन शोध आहे." मी त्याला मोबाईल बंद करायला लावला. नवीन कशाचा? मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, एका चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडून, सरकारी दवाखान्यात. तिथला डॉक्टर ते ऐकून हसला होता. आणि त्याच संध्याकाळी पारावर, शेजारच्या गावात दोन पोट्ट्यांनी मोटारसायकल चोरली म्हणून, त्यांना फाशी द्या म्हणणारे तीन जण भेटले. तिघांच्याही घरी तो मोबाईल आहे, तिघांनीही डॉक्टरचं ते बोलणं ऐकलं आहे.

असो. होळीचं सांगतो.

आमच्याकडे होळीच्या आधी पंधरा दिवस पोट्टे लाकडं-गोवऱ्या जमवतात. मागून मिळालं तर मागून, नाही तर उचलून. ह्याला कोणी चोरी म्हणत नाही. नियम एक, तो लहानथोर सगळ्यांना पाठ: उंबऱ्याच्या आत हात घालायचा नाही, अंगणात आणि ओसरीत जे राहिलं ते होळीचं. म्हणून त्या दिवशी शहाणा माणूस दुपारीच वखर, शिडी, बाज घरात ओढून घेतो. ज्याचं बाहेर राहिलं त्यानं पोट्ट्यांच्या सात पिढ्या उद्धाराव्यात, मन भरेपर्यंत उद्धाराव्यात, पण तक्रार करू नये. आणि दुसरं, होळीवर लाकूड एकदा चढलं की ते खाली उतरवत नाहीत. उतरवलं तर गावाला ते वर्ष वाईट जातं म्हणतात. एका वर्षी माझ्या बापाचं कोरं जू होळीत गेलं. बाप होळीभोवती फिरत शिव्याही देत होता आणि नैवेद्यही दाखवत होता.

त्या वर्षी तलावाच्या मोजणीसाठी गावात एक ओव्हरसियर आला होता. पुण्याकडचा, तिशीतला, एकटा. पाटलांच्या ओसरीला लागून एक खोली होती, तिथं राहायचा. त्याच्याकडे मोजणीची दुर्बीण होती, ती तो पेटीत घालून उशाशी ठेवायचा. पण दुर्बीण जिच्यावर बसवायची ती सागवानी तिपाई आणि लाल-पांढरे पट्टे मारलेल्या काठ्या ओसरीत भिंतीला टेकलेल्या असायच्या. रोज असायच्या, त्या दिवशीही होत्या. पाटलांनी दुपारी आपली बाज आत घेतली, शिडी आत घेतली, जात्याचा लाकडी खुंटासुद्धा उपटून आत नेला. त्याच ओसरीतल्या परक्या माणसाला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. मी मागाहून विचारलं तर म्हणतात कसे, "त्यानं इचारलं का मले?"

दिवेलागणीला होळीपाशी पोट्टे जमले. पाटलांचा पोरगा सगळ्यांत मोठा, सतरा-अठराचा, मिशी फुटलेला. पुढचं बोलणं मला त्याच पोट्ट्यांनी सांगितलं.

"सरकारी मालाले हात लावाची हिंमत हाये का बे कोनात?"

"तुह्याच ओसरीत तं हाये. तूच आन ना."

"मले माहा बाप जित्ता ठेवीन का? दुसरा कोनी सांगा. हे वांगेवाले आनते का पाहा!"

सगळे हसले. वांगेवाले म्हणजे आम्ही. माझा भाऊ हसला नाही. तो गेला, तिपाई खांद्यावर टाकून आला. मग काठ्या आणल्या. मी मळ्यातून गावात आलो तेव्हा तिपाई होळीच्या शेंड्यावर पाय फाकून उभी होती. पोट्टे तोंडावर हात मारून बोंबलत होते, आणि मोठी माणसं काय करत होती? हसत होती. एक जण म्हणाला, "यंदा होळीवर विंजनेर बसला बाप्पा!" त्या माणसाला तेव्हा चार लेकरं होती.

तेवढ्यात ओव्हरसियर धावत आला. पायात चप्पल नव्हती.

"अहो, ती माझी तिपाई आहे! सरकारी आहे ती! खाली काढा आधी!"

एक म्हातारे पुढं झाले. "साहेब, चढलं ते चढलं. आता काढता येत नाही."

"अहो, अजून पेटवली कुठंय?"

"पेटली नसंन. पन चढली ना."

मी म्हटलं, "काढा खाली. परका मानूस हाये, त्याले काय मालूम आपला रिवाज? मी चढतो." मी गोवऱ्यांवर एक पाय टाकलाही. चौघांनी दंडाला धरून मागं ओढलं. "गावाचं वाटोळं करतं का बे?" मी पुन्हा म्हटलं, काढा. त्या गर्दीत हे म्हणणारा मी एकटा होतो, आणि आज त्यातलं कोणी जिवंत असेल तर त्यानं समोर येऊन नाही म्हणावं. पाटलांनी पूजा केली, पाच फेरे मारले आणि आपल्या हातानं पेटतं फडकं खाली खोचलं. साग वाळलेला होता, भडाभडा पेटला. ओव्हरसियर बघत उभा राहिला. बोंब मारायचाही त्याला रिवाज माहीत नव्हता.

धुळवडीच्या दिवशी तो एस.टी.नं निघून गेला आणि दुपारी दोन पोलीस घेऊन आला. पाटलांच्या ओट्यावर गाव बसलं. अंगावर कालची राख, कपाळाला गुलाल. जमादारानं विचारलं, "तिपाई कोणी नेली?"

काल हिंमत विचारणारा पाटलांचा पोरगा खाली पाहायला लागला. सगळ्यांनी माना घातल्या. आणि माझा भाऊ म्हणाला, "म्या नेली."

छाती पुढं काढून म्हणाला. ती छाती मी ओळखतो, ती आमच्या घरातच आहे, बापाचीही तशीच होती. पोट्टे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला वाटत होतं की काल मी जिंकलो, आजही जिंकलो. जमादारानं मनगट धरलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. माझ्याकडं वळून पाहिलं त्यानं. मी जमादाराला म्हटलं, "नेली यानं, मान्य. पन जाळली कोनी ते इचारा ना." जमादार म्हणाला, "तू कोण?" मी म्हटलं, "याचा भाऊ." तो म्हणाला, "मग गप बस." पाटील माझ्याकडे न बघता पान लावत होते.

त्याला पोलीस ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हवाली केलं. मी सही केली. अंगठा नाही, सही. तीन इयत्तांत तेवढी मी शिकलो होतो. कोर्टाची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, म्हणजे परीक्षेच्या अगदी तोंडावर. जमादारानं आम्ही निघताना सांगितलं की सरकारी मालाची चोरी आहे, पोराला सुधारशाळेत घालतील, दोन वर्षं, तीन वर्षं, कोर्टाच्या साहेबांच्या मर्जीवर आहे. ती सुधारशाळा कुठं आहे विचारलं तर म्हणाला, लांब आहे.

घरी येताना रस्त्यात मी त्याला उभा केला.

"काऊन बे केलं असं? तुले मालूम नव्हतं का ते सरकारी हाये?"

"मालूम होतं."

"जळल्यावर बोंब होईन, हे समजत होतं का नाही?"

"समजत होतं, दादा."

"मंग?"

त्यानं पायानं माती उकरली. "सारे पाहून राह्यले होते."

"पाहून राह्यले होते, मंग काय झालं?"

"मंग काय नाही. सारे पाहून राह्यले होते."

मी एक थोबाडीत ठेवून दिली. उत्तरच देत नाही असं मला वाटलं. दोन-तीन दिवस मोट हाकता हाकता मनात तेच. मग मला टरबुजांची आठवण झाली. आदल्या उन्हाळ्यात आमच्या बांधाशेजारचा माणूस मयतीला गेला, तर ह्यानं एकट्यानं त्याची टरबुजाची वाडी राखली होती. पिकलेली टरबुजं, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि ह्यानं एकाला नख लावलं नाही. परत आल्यावर त्या माणसानं बळजबरी एक दिलं तर मायच्या हाती आणून ठेवलं. आता डोकं तर तेच, पोरगा तोच. एकटा असला की सोन्यासारखा, आणि दहा पोट्टे टाळ्या पिटायला लागले की जसं कोणी डोकं काढून ठेवलं. तेव्हा मला पटलं की तो खरं बोलला होता. त्याला जेवढं कळलं तेवढं त्यानं सांगितलं. ह्याच्यापुढचं त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

वय ठरवायला पोलिसांनी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. सोबत मी. डॉक्टर तरुण होता, चांगल्या घरचा दिसत होता. त्यानं तोंड उघडायला लावलं, दाढा मोजल्या, काखा पाहिल्या, कोपर दाबून पाहिलं. म्हणाला, सोळाच्या आतला आहे. मग सहज विचारलं, "काय रे, कशाला केलंस?" भाऊ म्हणाला, "सारे पाहून राह्यले होते." डॉक्टर हसला, कंपाउंडरही हसला. डॉक्टर म्हणाला, "बघा! म्हणजे प्रेक्षक होते म्हणून नाटक झालं." मी तिथं काही बोललो नाही, कारण कागद त्याच्या हातात होता. पण ते हसणं मी अजून विसरलो नाही. बैल विकत घेताना आम्हीही दात पाहतो. दात पाहून हसत नाही.

तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा पाटील आमच्या घरी आले. आमच्या घरी कधी येत नसत. मायनं घोंगडी टाकली, मी उभाच राहिलो.

पाटील म्हणाले, "हे पाहा, मी रस्ता काढला. पोराच्या डोक्यात फरक हाये असं सांगू. लहानपनापासून जरा येडसर हाये. मी गावच्या वतीनं साहेबापुढं उभा राह्यतो. येड्याले कोन शिक्षा करते? त्याच दिवशी घरी आनू."

माय म्हणाली, "देवासारखे आले हो पाटील."

मी म्हटलं, "तो येडसर नाही."

"अरे, म्हनाचं! म्हननं अन् असनं यात फरक असते का नाही?"

"गावात असते. कागदावर नसते. उद्या सातवीच्या परीक्षेले येडा बसवते का कोनी?"

"परीक्षा घेऊन बसला! पोरगं सुधारशाळेत गेलं मंग काय करशीन?"

"अन् होळी कोनी पेटवली ते साहेबानं इचारलं, तं काय करसान?"

पाटील उठले. दारात चप्पल घालताना मायला म्हणाले, "तुह्या थोरल्याच्याच डोक्यात फरक हाये, बाई."

ते गेल्यावर माय माझ्यावर तुटून पडली. दोन दिवस मला तिनं भाकरी वाढली, पण शब्द बोलली नाही. जे बोलायचं ते चुलीला बोलायची. "नेतीन माह्या लेकराले. त्याचं काय जाते! याले याचा ताठा पाहिजे." ते मला कळत होतं. तिला पोरगा घरात पाहिजे होता, कसाही. मलाही पाहिजे होता. पण आमच्या गावात एका माणसाला लहानपणी एकदा येडा म्हटलं ते त्याला मरेपर्यंत चिकटलेलं मी पाहिलं होतं. तो चांगला शेती करणारा माणूस, म्हातारा होऊन मेला तरी लेकरं त्याच्यामागं खडे मारत फिरायची. पाटलांचा रस्ता दिसायला मोठा सरळ होता. पोरगा येडा ठरला की गाव सुटलं. कोणी चिथावलं, कोण हसलं, कोणी पेटवलं, काही विचारायलाच नको. येड्यानं जाळली, विषय संपला. चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अख्ख्या गावानं आपली राख झाडायची आणि वर त्यालाच डोकं नाही म्हणायचं!

तारखेला आम्ही पहाटेच्या एस.टी.नं तालुक्याला गेलो. भाऊ माझा सदरा घालून, बाह्या दुमडून. माय हट्टानं सोबत आली. पाटील पुढच्या बाकावर. ओव्हरसियर तिथं आधीच आलेला होता. लहान पोराचं प्रकरण म्हणून साहेबांनी आम्हाला आपल्या खोलीतच बोलावलं. मॅजिस्ट्रेट वयस्कर, चष्मेवाले. त्यांनी कागद वाचले, भावाकडे पाहिलं, विचारलं, "याच्या बाजूनं कोण बोलणार आहे?"

पाटील पुढं झाले, हात जोडले. शहरात गेले की ते शुद्ध बोलायचे. "साहेब, गावाचा पाटील आहे मी. पोरगा गरिबाचा आहे. त्याला वडील नाहीत. लहानपणापासून डोक्यानं जरा कमी आहे. काय करतो ते त्याला समजत नाही. दया करावी."

माय पदर तोंडात धरून मान डोलवत होती. भावानं पाटलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जमादारानं मनगट धरलं होतं तेव्हाही ते आलं नव्हतं.

मी म्हटलं, "खोटं हाये, साहेब."

मायनं माझा सदरा ओढला.

"कोण तुम्ही?" साहेब म्हणाले.

"भाऊ. थोरला. पोराचं डोकं चांगलं हाये, साहेब. सातवीत हाये. आठ दिवसांनी परीक्षा हाये त्याची. त्यानं तिपाई नेली, हे खरं हाये. तो नाही म्हनत नाही, मीही म्हनत नाही. पन तो कमी नाही. कच्चा हाये. चौदा वर्षांचा हाये. दोन दाती गोऱ्ह्याले आम्ही नांगराले जुंपत नाही, अन् त्यानं कोनाचा हरभरा खाल्ला तं दावं कोनी सोडलं ते पाह्यतो..."

"इथं बैलांचं सांगू नका," साहेब चिडून म्हणाले. "प्रकरणाचं सांगा."

"सांगतो. हे साहेब आले तवा होळी पेटली नव्हती. तिपाई धड होती. चाळीस-पन्नास मोठी मानसं उभी होती. यांनी हात जोडून सांगितलं, काढा. कोनी काढली नाही. मी चढत होतो, मले ओढलं. पेटवली पोरानं नाही. पेटवनारा याच खोलीत हाये."

पाटील म्हणाले, "रिवाज आहे साहेब, होळीवर चढलेलं..." आणि तिथंच थांबले. साहेबांनी ओव्हरसियरला विचारलं, "हे खरं आहे?"

ओव्हरसियरला खोटं बोलायला काही हरकत नव्हती, पाटलांच्याच खोलीत त्याला परत राहायचं होतं. पण तो म्हणाला, "खरं आहे. मी पोहोचलो तेव्हा पेटलेली नव्हती. हे एकटेच काढा म्हणत होते."

साहेबांनी भावाला जवळ बोलावलं. विचारलं, "पुन्हा कोणी सांगितलं, सगळे बघत असले, तर करशील?"

मला वाटलं हा आता नाही म्हणेल, कोणीही म्हणेल. तो म्हणाला, "मालूम नाही, साहेब. नाही कराचं असं ठरवलं हाये."

साहेबांनी चष्मा काढला. हसले मात्र नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. त्यांनी समज दिली, माझ्याकडून वर्षभराच्या चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेतली आणि पोराला माझ्या ताब्यात दिलं. मी विचारलं, "अन् पेटवनाऱ्याचं?" ते म्हणाले, "गावावर खटला भरता येत नाही. जा आता, मिळालं ते घेऊन जा." मी गेलो. पण गावावर खटला का भरता येत नाही, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. पोरावर भरता येतो.

परतीच्या एस.टी.त माय भावाला कुशीत घेऊन बसली होती, एवढा मोठा पोरगा. माझ्याशी ती धाडच्या उताराला बोलली. म्हणाली, "खिडकी लाव, धूळ येऊन राह्यली." त्यावरून मी समजलो की राग गेला.

गावात उतरलो तर घराच्या दारात शाळेचा शिपाई बसलेला. म्हणाला, "हेडमास्तरनं सांगितलं, पोराले शाळेत पाठवू नका. पोलिसात नाव गेलेला मुलगा आपल्या शाळेतून परीक्षेले बसला तं शाळेची बदनामी होते. दाखला तयार करून ठेवते, सवडीनं घेऊन जा म्हने."

मी म्हटलं, "कोर्टानं सोडला हाये."

"ते मले नका सांगू भाऊ, मी निरोप्या मानूस."

भाऊ गोठ्यात गेला आणि बैलांपुढं कडबा टाकायला लागला. मळ्याचं काम करायला आता आपण मोकळेच, असा त्याचा चेहरा होता. मला तो चेहरा पाहवला नाही. कोर्टानं सोडला, दवाखान्यानं लहान ठरवला, ओव्हरसियरचा माल गेला तरी त्यानं मोठ्या मनानं खरं सांगितलं. आणि ज्या गुरुजींचं कामच कच्ची पोरं पिकवायचं, ते म्हणतात पिकलेली आणा. तिपाई होळीवर उभी होती तेव्हा हेच हेडमास्तर पांढऱ्या टोपीत पहिल्या रांगेत होते. पुरणपोळीचा नैवेद्य त्यांच्या घरूनही आला होता. आणि त्यांचं वय पन्नासच्या वर होतं, त्यांच्या डोक्याला कच्चं म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोट जुंपली नाही. बैलांना पाणी पाजलं, आंघोळ केली, भावाला उठवलं. तो म्हणाला, "दादा, गुरुजी हाकलून देतीन." मी म्हटलं, "तू दप्तर घे." शाळेत प्रार्थना चालू होती. ती संपू दिली. मग त्याचा हात धरून सातवीच्या वर्गात गेलो, तरटाच्या पट्टीवर त्याच्या जागेवर त्याला बसवलं आणि त्याच्या शेजारी मी मांडी घालून बसलो.

हेडमास्तर आले. "हे काय चाललंय? त्याचं नाव कमी केलंय मी."

"मंग माहं लिवा. मी तिसरीतून गेलो होतो, मही चार वर्षं बाकी हायेत."

पोट्टे फिदीफिदी हसले. पाटलांचा धाकटा त्याच वर्गात होता, तोही हसला.

"उठा इथून. मी पाटलांना बोलावतो."

"बोलवा ना. पाटलाले बोलवा, होळीले जे जे होते त्या समद्यायले बोलवा. तुमाले तं बोलवाचीबी गरज नाही. कोर्टात जे सांगितलं ते या पोरायसमोर पुन्हा सांगतो. कोन कुठं उभं होतं, एकेकाचं सांगतो."

हेडमास्तरांनी खुर्ची ओढली, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि नंबर पुकारायला लागले. पोट्टे एकेक करून हजर म्हणत गेले. भावाचा नंबर आला तेव्हा त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही, पण नंबर पुकारला. भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला कोपर मारलं.

"हजर," तो म्हणाला.

मग फळ्यावर व्याजाचं गणित पडलं. त्यातलं मला काही कळलं नाही. तरी मी उठलो नाही. मधली सुट्टी होईपर्यंत तिथंच मांडी घालून बसून राहिलो, आणि हेडमास्तर फळ्याकडून वळले की दर वेळी त्यांना मी दिसत होतो.